बांधाकडच्या बारा ओळी

मुलुंडच्या आमच्या शाळेच्या ऑफिसात बसून मी एकवीस वर्षं रजेचे अर्ज वाचते आहे. रजेसाठी माणसं काय काय थापा मारतात ते मला विचारा. एका बाईंची सासू माझ्या फायलीत तीन वेळा वारली आहे आणि परवाच त्या सासूबाई मला भांडुपच्या बाजारात कोलंबी निवडताना भेटल्या. त्या सगळ्या गठ्ठ्यात दरवर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक अर्ज यायचा. रेघांचा कागद, ठसठशीत अक्षर. आठ दिवसांची रजा मिळावी. कारण : खुरपणी. खाली सही, उ. भी. साळवे, विज्ञान शिक्षक.

पहिल्या वर्षी मला वाटलं, माणूस आपली फिरकी घेतोय. मी विचारलं, "सर, खुरपणी म्हणजे नक्की काय?"

"खाली बसायचं आणि खुरप्यानं तण काढायचं. तुमच्या मालवणात काय म्हणतात?"

"ते माझ्या आईला माहीत. मी भांडुपात वाढले."

आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, ते कारण काही पचेना. तपासणीला कोणी आलं तर काय वाटेल, घरगुती काम असं लिहा, असं त्यांनी सरांना दोनदा सांगितलं. सर म्हणाले, "बाई, घरगुती काम मी घरी करतो. हे शेतातलं आहे." आणि तोच अर्ज परत माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी शिक्का मारला. एकवीस वर्षांत खरं कारण लिहिलेला तो एकटाच अर्ज, तो अडवायचा कशाला?

साळवे सर मूळचे जालन्याकडचे. गावकुसाबाहेरच्या बौद्ध वस्तीतलं घर, वडील लहानपणीच गेलेले, मागे आई आणि धाकटा भाऊ विलास. सर शिकून मुंबईला आले, विलास गावी दोन एकर शेती बघत राहिला. घाटकोपरला पंतनगरात सरांची दोन खोल्यांची जागा होती आणि आई त्यांच्याजवळ होती. लग्न केलं नाही. का नाही केलं असं विचारलं की म्हणायचे, "विलासचं झालं की," आणि विलासची मुलं तोवर चौथीत गेली होती.

माणूस सडपातळ, काळासावळा, बोलणं कमी. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक काड्यापेटी असायची. आमचा शिपाई महादू एकदा बिडी पेटवायला हक्कानं ती काढायला गेला आणि आतली अळी त्याच्या बोटावर चढली. तो ओरडला तो वरच्या मजल्यावरच्या नववीच्या वर्गाला ऐकू गेला. सरांनी शांतपणे अळी परत पानावर ठेवली आणि म्हणाले, "तुला नाही, तिला विचारायला पाहिजे घाबरली का."

फुलपाखरांचं कौतुक करणाऱ्यांचा त्यांना राग होता. चित्रकलेच्या बाईंनी एकदा फळ्यावर सुंदर रंगीत फुलपाखरू काढलं, गुलाबावर बसलेलं. सरांनी खाली खडूनं लिहिलं, 'याची अळी काय खाते?' बाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. सर वर्गात नेहमी एकच वाक्य सांगायचे, "फुलावर बसतं ते पाहुणं. पानावर वाढतं ते घरचं. घरच्याचं आधी बघा." सहावीच्या मुलांना ते इतकं पाठ झालं होतं की सरांनी "फुलावर" म्हटलं की मागची बाकं पुढचं ओरडायची.

सहावीची बरण्यांची पद्धत त्यांनीच सुरू केली. पावसाळ्यात प्रयोगशाळेच्या खिडकीत बरण्या मांडायच्या, तोंडाला जाळीचं फडकं, आत कढीपत्त्याची डहाळी आणि त्यावर एक अळी. प्रत्येक मुलाची बरणी वेगळी, वर त्याचं नाव. रोज ताजं पान द्यायचं, लेंड्या पुसायच्या. पंधरा-वीस दिवसांनी काळं फुलपाखरू बाहेर आलं की गच्चीवर जाऊन, समोर डोंगर आहे त्या दिशेनं सोडायचं. मराठी शाळा, पटसंख्या दरवर्षी खाली. मी आले तेव्हा सहावीच्या दोन तुकड्या होत्या, नंतर एक झाली, पुढे त्या एका तुकडीत तेवीस मुलं राहिली. सर म्हणायचे, अळ्या आणि मुलं, दोन्ही एकाच वेगानं कमी होतायत.

कढीपत्ता फक्त शाळेमागच्या झाडाचाच घ्यायचा, असा त्यांचा सक्त नियम होता. बाजारातला अजिबात नाही. नियम सगळ्यांना माहीत होता, त्यामागचं कारण कोणालाच माहीत नव्हतं. आणि माझ्या हातून तो मोडला.

त्या वर्षी सर खुरपणीला गेले आणि तिसऱ्याच दिवशी वीज मंडळाची माणसं तारेला लागतात म्हणून फांद्या तोडायला आली. त्यांनी कढीपत्त्याचा नुसता बुंधा ठेवला. मोठ्या बाईंनी तोडलेल्या फांद्या कचरागाडीत भरून पाठवल्या, मला कळलं तेव्हा गाडी गेलेली. खिडकीत तेवीस बरण्या, आतली पानं संपलेली, अळ्या काडीवर वरखाली करतायत. मुलं माझ्यापाशी येऊन उभी. बाई, काहीतरी करा ना. मी सकाळी स्टेशनजवळच्या भाजीवाल्याकडून कोथिंबीर घेतली होती, तिच्यावर त्यानं मूठभर कढीपत्ता फुकट टाकला होता. माझ्या पिशवीत होता. मी तो मिठाच्या पाण्यात धुतला, रुमालानं पुसला, एकेक डहाळी बरणीत ठेवली. स्वतःवर इतकी खूश होते मी की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत तेवीसच्या तेवीस गेल्या. काही काडीला मागच्या पायांनी धरून उलट्या लोंबत होत्या, तोंडातून हिरवं पाणी आलेलं. काही आखडून खाली पडल्या होत्या. मुलं ओळीनं आपापल्या बरणीसमोर उभी होती. त्याच जुडीतला अर्धा कढीपत्ता मी सकाळी फोडणीच्या पोह्यांत घातला होता. ते पोहे माझ्या डब्यात होते. मी डबा उघडला नाही.

सर परत आले त्या दिवशी मी त्यांना जिन्यातच गाठलं. नंतर कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. त्यांनी ऐकून घेतलं. प्रयोगशाळेत गेले, एक बरणी उघडून पान बोटांत चुरगळलं, हुंगलं.

"धुतला होता?"

"मीठ घालून धुतला हो. दोनदा."

"वरचं धुतलं जातं, परबबाई. पानाच्या आत गेलेलं कसं धुणार?"

मी रडले. मी सहसा रडत नाही, ऑफिसात तर नाहीच. मला वाटलं ते ओरडतील, ओरडायला हवेच होते. त्यांनी मला स्टूल दिलं, महादूला चहा सांगितला आणि म्हणाले, "तुम्ही तेवीस मारल्या. मी किती मारल्या ते ऐका." त्या दिवशी पहिल्यांदा ते आपल्याविषयी बोलले.

त्यांची आई आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली. गावच्या पाटलाची पस्तीस एकर होती, तिथं पावसाळाभर रोज. सकाळी आठला बसायचं ते दिवस मावळेपर्यंत, उकिडवं, खुरपत खुरपत पुढे सरकायचं. घरी आली की तिला सरळ उभं राहायला दाराची चौकट धरावी लागायची. दोन्ही पोरांना तिनं त्या खुरप्यावर शिकवायचं ठरवलं, विलासचं डोकं चाललं नाही, उत्तमचं चाललं. उत्तम मास्तर झाला. पहिला पगार हातात आला की लोक आईला लुगडं नेतात. "मी पाठीवरचा फवारणीचा पंप नेला," सर म्हणाले. "आणि तणनाशकाची बाटली."

आमच्या दोन एकरांत स्वतः फवारलं, म्हणाले. आठव्या दिवशी सगळं तण पिवळं पडलं. आई रानात उभी राहून बघत राहिली. वाकून एक उपटून बघितलं, मूळ सुद्धा मेलेलं. मग म्हणाली, "मंग म्या आता काय करू?" आणि हसली. त्या दुपारी ती बाभळीखाली झोपली. भर पावसाळ्यात दुपारी झोपलेली आई मी जन्मात पहिल्यांदा बघितली, असं सर म्हणाले.

बघता बघता अख्ख्या गावानं तेच केलं. पंप मागायला लोक विलासकडे यायचे. कपाशीवर, सोयाबीनवर कीटकनाशकाचे फवारे तर होतेच, आता खालचं तणही गेलं, मग बांधावरचं गेलं, मग ओढ्याकाठचं. खुरपणाऱ्या बायांचं काम गेलं ते वेगळंच. पाच-सहा वर्षांनी एकदा दिवाळीच्या सुट्टीत सर गावी गेले आणि वर्गात दाखवायला रुईवरच्या अळ्या शोधायला निघाले. लहानपणी आई खुरपायची तेव्हा तिच्या पदरावर, पाठीवर पिवळी फुलपाखरं बसायची, ती हाकलायचीसुद्धा नाही. त्या दिवशी ते सकाळपासून दुपारपर्यंत शिवार फिरले. रुईच नव्हती, अळी कुठून असणार?

"मी विज्ञान शिकवतो," ते म्हणाले. "अळी पान खाते, हे मी मुलांना शिकवत होतो. आणि माझ्या रानात ते पान मीच मारलं होतं. दोन गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि भेटल्या नाहीत."

फक्त त्यांच्याच रानाच्या एका बाजूला, ओढ्याकडच्या चढावर, बांधाची एक पट्टी राहिली होती. तिथं पंप घेऊन चढणं अवघड म्हणून विलासनं सोडून दिलेली. तिच्यावर रुई, तरवड, बोरी, गुडघाभर टाकळा, आणि त्यात जी काय उरलीसुरली होती ती फुलपाखरं. सरांनी विलासशी करार केला. बांधाला हात लावायचा नाही आणि फवारा वाऱ्यानं उडून त्यावर जातो म्हणून बांधाकडच्या सोयाबीनच्या बारा ओळींतही काही मारायचं नाही. विलास म्हणाला, "दादा, मंग त्या बारा ओळींतलं तण कोण काढणार? बायको माझी एकटी. आन् बिनफवाऱ्याच्या शेंगा अळ्या खाणार, त्या माझ्या लेकरांच्या तोंडातल्या." विलासचं काही चुकत नव्हतं. सर म्हणाले, तण मी काढीन. तेव्हापासून तो अर्ज यायला लागला.

पुढे मी पंतनगरला त्यांच्या घरी एक-दोनदा गेले. गॅलरीत वीस-पंचवीस कुंड्या, पण एकीत गुलाब असेल तर शपथ. रेल्वेच्या कडेचा टाकळा, मोकळ्या प्लॉटवरची रुई, आघाडा. टाकळ्याची आम्ही भाजी करतो, मी म्हटलं, चार मुठी द्या की. आत पलंगावर बसलेल्या मावशी, म्हणजे सरांच्या आई, पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"बाई, तुमीच सांगा. जलमभर म्या उपटलं, आन् ह्यो कुंडीत लावतोय. वर पानी घालतोय."

त्यांचा हात त्या कुंड्यांकडे आपोआप जायचा. सर शाळेत गेले की त्या गॅलरीत बसायच्या आणि बोलता बोलता एखादी कुंडी साफ करून टाकायच्या, मुळासकट, माती झटकून, बाजूला ढीग. संध्याकाळी सर ते परत लावायचे. दोघं एकमेकांना काही म्हणायची नाहीत. मला त्या गोष्टीचं तेव्हा हसू आलं होतं.

एका वर्षी मावशी हट्टानं सरांबरोबर खुरपणीला गेल्या. खूप वर्षांत गाव बघितलं नव्हतं. त्या परत आल्यावर मी भेटायला गेले तर माणूस बदललेलं. सर चहा करायला आत गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरून हळू आवाजात सांगितलं. त्या बांधावर बसल्या होत्या. सर खाली ओळीत उकिडवे, हातात खुरपं, शर्ट काढलेला. पाटलाचा मोठा मुलगा मोटारसायकलवरून जात होता. तो थांबला, सरांकडे बघितलं, मग मावशींकडे बघितलं आणि म्हणाला, "काय सर, शिकून शेवटी खुरपंच का? आलात का परत मूळ जागेवर?"

"उत्तम हसला, बाई. हसला आन् खुरपत राहिला." मावशींची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली होती. "त्याच्या बापाच्या रानात म्या तीस साल बसले. बसू नये माझ्या लेकानं म्हून बसले. आन् ह्यो सोताहून बसतोय. पाखरांसाठी." मग म्हणाल्या, "पुढल्या साली न्हाई जाणार त्यो. म्या बघते."

मी त्यांची समजूत घातली. म्हटलं, मावशी, सर चांगलं काम करतायत. म्हणायला माझ्या बापाचं काय जात होतं. माझ्या घरातलं कोणी पाटलाच्या रानात बसलेलं नव्हतं.

पुढच्या जुलैत अर्ज नेहमीसारखा आला. कारण : खुरपणी. मी शिक्का मारला. आठ दिवसांची रजा होती आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सर ऑफिसच्या दारात उभे. पायातल्या चपलेवर लाल-काळा चिखल तसाच.

"उरलेली रजा रद्द करा, परबबाई."

"का हो? मावशी बऱ्या आहेत ना?"

"विलासनं बांध जाळला." मग शिक्षकाच्या सवयीनं नीट सांगितलं, "म्हणजे पेटवला नाही. जूनमध्येच तणनाशक मारलं. दोनदा. बोरीच्या मुळाशी ओतलंय. काही राहिलं नाही."

एवढं सांगून ते तासावर गेले. त्या दिवशी सहावीला त्यांनी चुंबकाचा धडा शिकवला, बरण्या निघाल्याच नाहीत. पुढेही निघाल्या नाहीत. मुलं विचारायची, सर म्हणायचे झाड अजून भरलेलं नाही. झाड चांगलं भरलं होतं. काड्यापेटी खिशातून गेली. मला वाटायचं, होईल महिन्या दोन महिन्यांत ठीक, पण साळवे सर परत काही ते साळवे सर झाले नाहीत. वेळेवर यायचे, वेळेवर जायचे, पेपर तपासून द्यायचे. असे शिक्षक प्रत्येक शाळेत पाच-सहा असतात.

विलासशी त्यांनी बोलणं टाकलं. त्याचे फोन शाळेच्या ऑफिसात यायला लागले, सर मोबाईलवर त्याचा फोन उचलत नसत म्हणून. "मॅडम, दादाला सांगा ना, लेकराची परीक्षा झाली." "मॅडम, आईची तब्येत कशीय तेवढं तरी कळवा." मी निरोप द्यायचे. सर ऐकायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे." मी एकदा तोंडावर विचारलं की सख्खा भाऊ आहे, किती ताणणार? ते म्हणाले, "तुमचं काम झालं असेल तर मस्टर द्या." दोन वर्षं हे चाललं.

दोन वर्षांनी, जुलैतच, मावशी गेल्या. गॅलरीत बसल्या होत्या आणि तिथंच कलंडल्या. गावीच न्यायचं असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, तसं नेलं. सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मोठ्या बाई, चित्रकलेच्या बाई, महादू आणि मी, असे चौघं गाडी करून गेलो. विहारात वंदना झाली, लोकांनी दोन-दोन शब्द सांगितले. सर एका टोकाला बसले होते, विलास दुसऱ्या. विलासला मी पहिल्यांदाच बघितलं. सरांसारखाच चेहरा, दहा वर्षांनी मोठा वाटणारा.

जेवणं झाल्यावर विलास माझ्याजवळ आला. "तुमीच ना फोनवाल्या मॅडम? शेत बघायचंय का?" मला कळलं, याला काहीतरी बोलायचंय. पाऊस दोन दिवस उघडला होता, लख्ख ऊन पडलं होतं. आम्ही चालत त्यांच्या रानात गेलो. सोयाबीन पोटरीएवढं, ओळीच्या ओळी स्वच्छ, मध्ये गवताची काडी नाही, अगदी बांधाच्या पायथ्यापर्यंत. आणि वर तो बांध. निम्मा पावसानं ओढ्यात वाहून गेलेला, बोरीचे काळे खुंट, आणि मध्ये मध्ये गाजरगवत. दुसरं काही नाही.

"म्या मारलं हे खरंय," विलास म्हणाला. "पण मायनं सांगितलं म्हून. तिनं फोन केला, पहाटं पहाटं. म्हनली, इल्या, बांध जाळून टाक. काय ठिवू नको. बांध ऱ्हायला तर त्यो खुरपायला येईल आन् लोक त्याला हसतील. म्या म्हनलं, माय, दादाला काय सांगू? म्हनली, माझं नाव घेतलं तर माझं मेलेलं तोंड बघशील. आता ती गेली. आता सांगू का नको सांगू, मॅडम? सांगितलं तर दादाच्या मनातनं माय उतरंल."

मी मागे वळून बघते तर सर बांधाच्या खालच्या अंगाला उभे. आमच्या मागोमाग आले असणार. पांढरा शर्ट, हात मागे बांधलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. विलास मान खाली घालून रानाच्या दुसऱ्या टोकाला चालू लागला.

मी म्हटलं, "सर, ऐकलंत ना? मावशींनी सांगितलं होतं हो."

"मला माहीत आहे," सर म्हणाले.

"माहीत आहे म्हणजे? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मायला नंबर लावता येत नव्हता. माझ्या मोबाईलवर विलासचा फोटो होता, तो दाबून लावायची. मी बांध बघितला तेव्हाच वाटलं, विलास मला न विचारता हात लावणार नाही. परत येताना गाडीत फोन चाळला. जूनमध्ये एका सकाळी सहाला विलासला फोन गेलेला होता, सहा मिनिटं. सहाला मी आंघोळीत असतो."

"आणि तरी तुम्ही दोन वर्षं त्याच्याशी..."

"मायवर कसा रागावणार?" ते म्हणाले. "तिनं माझी पाठ वाचवली. तिला जे येत होतं तेच तिनं केलं, तण मारलं. पंप तिच्या घरात मीच आणला होता. पण राग तर आला होता ना, परबबाई. इतका आला होता की तो कुठंतरी ठेवायला पाहिजे होता. मग विलासवर ठेवला."

माझं टाळकं सटकलं. मयताचं घर, परकं गाव, सगळं विसरले. मी म्हटलं, "लाज वाटत नाही तुम्हाला? मुलांना सांगता, घरच्याचं आधी बघा. तो तुमचा भाऊ दोन वर्षं माझ्या ऑफिसात फोन करून रडतोय. त्यानं आईचा शब्द पाळला आणि तुमची बोलणीसुद्धा त्याच्या वाट्याला आली नाहीत, कारण तुम्ही बोललाच नाहीत. मावशी गेल्या तेव्हा तरी सांगायचं. इथं आणखी काय मारायचं राहिलंय?"

ते खाली बसले, गाजरगवताचं एक पान तोडून उलटसुलट करून बघितलं, मागे काही चिकटलंय का. मग म्हणाले, "हे हिरवं दिसतं. पण याला कोणी खात नाही." पान टाकून दिलं आणि उठले.

सोयाबीनच्या ओळींमधून ते पलीकडे गेले. विलास पाठमोरा बसला होता. सर त्याच्या मागे जरा वेळ नुसते उभे राहिले. मला वाटलं परत फिरतात की काय. मग त्यांचा आवाज आला, शाळेतल्यासारखाच, सपाट.

"इल्या, जेवलास का?"

विलासनं मान हलवली, नाही म्हणून. सर त्याच्या शेजारी मातीत बसले. दोघांचीही तोंडं बांधाकडे.

तेवढ्यात महादूची हाक आली, गाडी निघतेय, मुंबई गाठायची आहे. त्या वर्षी दिवाळीआधीच सहावीची तुकडी बंद झाली, सर अतिरिक्त ठरले आणि त्यांना मढकडच्या एका शाळेत पाठवलं. त्यांचा आमचा संबंध तिथंच सुटला. आजही सर आठवले की डोळ्यांसमोर येतं ते तेव्हाचंच, गाडीकडे जाताना वळून बघितलेलं. दोघं भाऊ तसेच बसले होते. मी त्या बांधावर पाऊण तास होते. जुलै महिना, लख्ख ऊन, वारा नाही. एकही फुलपाखरू दिसलं नाही.